अर्धा कप चहा

माझ्या लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे, कुणाच्या हाती लागलं तर त्याने सांभाळून घ्यावं. अक्का गेली त्याला पाच आठवडे झाले. मी केळीच्या बागेत घड वाहत होते तेव्हा पुतणीचा फोन आला. "काकू, आई उठत नाही..." एवढंच ती बोलली. मला धक्का बसला नाही, याचीच आता लाज वाटते. हे असं होणार ते मला आधीच दिसलं होतं, मागच्या हिवाळ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका चहाच्या कपात.

अक्का माझी मोठी जाऊ. असोद्याला आमच्या घरांची भिंत एकच. आमचं काम सोनारांचा केर धुण्याचं. जळगावच्या पेढ्यांमधून झाडलोट विकत आणायची, जाळून राख करायची, पाण्यात घोळायची. खाली जी काळी रेती उरते तिच्यात पारा चोळायचा, म्हणजे सोन्याचे बारीक कण त्याला चिकटतात. मग ती गोळी कढईत तापवायची. पारा उडून जातो, सोनं राहतं. तापवताना दार-खिडकी घट्ट लावायची, वाऱ्याने बरकत जाते असं आमच्या सासूबाई सांगायच्या. बारा वर्षं अक्का कढईपाशी आणि मी फुंकणीपाशी, अशा आम्ही त्या बंद खोलीत बसलो. मला चारचौघांत बोलता येत नाही, माझ्या वाटचंही अक्काच बोलायची. पेढीवर शेठला तोंडावर म्हणायची, "शेठ, दुकान झाडतस का नही? केरमा नुस्ता केस शेतस!" शेठही हसायचा आणि दोन रुपये कमी करायचा.

तिच्या आईचं गाव चोपड्याच्या पलीकडे, नदीकाठी. तिथे पूर्वी डोंगराला भोकं पाडून आणि नदीची रेती धुऊन सोनं काढत. अक्का लहानपणी एकदाच गेली होती. आता नदीच्या कडेने सायकलवाल्यांची वाट झाली आहे, गावाच्या तोंडाशी 'सोन्याचं जुनं गाव' अशी पाटी लावली आहे, हे तिने कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिलं आणि हट्टच धरला. आम्ही एसटीने गेलो. फाट्यापासून त्या सायकलच्या वाटेने चालत निघालो. दुपार होती, तरी वाटेवर पाखराचा आवाज नव्हता. डोंगरातली भोकं काट्याकुट्यांनी बुजवलेली. निम्मी घरं कुलूपबंद. ज्या घरांत माणसं होती, त्यांच्याही खिडक्या विटांनी चिणलेल्या... आमच्या खोलीसारख्याच.

पारावर एक म्हातारे आबा चहा विकत होते. शहरातले चार सायकलवाले टोप्या काढून बसले होते. आबांनी सगळ्यांना अर्धा अर्धा कप चहा दिला. त्यातला एक म्हणाला, "आबा, दूध संपलं का गाय आटली?" बाकीचे हसले. आबाही हसले. म्हणाले, "भरेल कप सांडी जास, भाऊ. आमना गावमा बठ्ठासना हात असाच शेतस." गावात सगळ्यांचेच हात असे, म्हणत त्यांनी आपला हात पुढे धरला. वाऱ्यात पान हलावं तसा तो हलत होता. सायकलवाल्यांनी त्याचाही फोटो काढला.

ते गेल्यावर अक्काने विचारलं, "आबा, हे कशानं?"

"पारा," आबा म्हणाले. "बाप तापवायचा, मी तापवायचो. दार लावून." मग अक्काकडे बघत राहिले. "तू बी तपाडस का, माय?"

अक्काने कप उचलला. अर्धाच होता, तरी तिच्या पातळावर सांडला.

परतताना एसटीत मी म्हटलं, अक्का, आता बंद करू. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "शेठनी उचल फिटू दे, मंग बंद." ती उचल माझ्या पोटाच्या ऑपरेशनसाठी तिने घेतली होती, स्वतःच्या नावावर. दुसऱ्या दिवशी तिने फुंकणी माझ्या हातातून काढून घेतली. "तू भाएर बस. तुना हात चांगला राहू दे." आणि आतून कडी लावली. मी ओट्यावर बसून राहिले. दाराच्या फटीतून जाळाचा उजेड दिसायचा, तिचा खोकला ऐकू यायचा... आणि मी बसून राहायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात तिला घास तोंडापर्यंत नेता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाऱ्याचं काही काम करता का?" अक्का म्हणाली, नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. मला बोलता येत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. त्या दिवशी एकच शब्द बोलायचा होता.

ती गेल्यावर मिठाच्या बरणीत चिंधी सापडली. आत सोन्याचे बारीक मणी होते, सगळे त्या बंद दाराआडचे. काल मी ते आणि माझी केळीच्या कामाची मजुरी घेऊन पेढीवर गेले. एकटी गेले, पहिल्यांदाच. शेठने वजन केलं, नोटा मोजल्या आणि अक्काच्या नावावर आडवी रेघ मारली. "सगळं फिटलं, बाई. काही राहिलं नाही." मग वही मिटून म्हणाला, "पुढचा केर कधी नेता?"

मी म्हटलं, "नाही नेणार. कढई मातीत पुरली."

माझा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला असेल. त्याने चहा मागवला. पोऱ्या कप काठोकाठ भरू लागला. मी हात पदराखालून बाहेर काढला नाही.

"अर्धाच दे," मी म्हटलं.