चार बोटांवर गाठ

तात्यांवर लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मला ठाऊक नाही. लेख लिहिण्याची सवय नाही, आणि तात्यांना आमच्या गावाबाहेर, फार तर चाकणच्या बाजारापलीकडे, कोणी ओळखतही नव्हतं. चुकलं तर वाचकांनी क्षमा करावी.

तात्या माझे चुलते. गावातली दोन पोरं पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागली, तेव्हा तात्यांनी मला पुण्याला शेतकी शिकायला पाठवलं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तात्यांना अक्षरओळख नव्हती. मी पोस्टकार्ड टाकायचो आणि हाताशी येईल तो त्यांना वाचून दाखवायचा. त्यामुळे माझी खुशाली साऱ्या आळीला पाठ असायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना कांद्याची दाट लागण सांगितली. आमच्याकडे दोन रोपांत चांगलं आठ बोटं अंतर सोडायचे. मी सुतळीला चार-चार बोटांवर गाठी मारून दिल्या. गाठ तिथं रोप. पुढं लागणीच्या वेळी शेजारचे बबनराव बांधावरून म्हणाले, "काय तात्या, शेती करताय का शिंप्याचं दुकान टाकलंय?"

"शिंपीच म्हन. पर माप आमच्या पोराचं हाय," तात्या म्हणाले. हे मला काकूंनी नंतर हसत हसत सांगितलं.

मी गाठी मारल्या त्या कॉलेजच्या शेतावरचं पाहून. तिथं काळी जमीन होती, कालव्याचं पाणी होतं. आमची मुरमाड पट्टी आणि एक विहीर... हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रोपं दुप्पट झाली, पाणी तेवढंच. फाल्गुनात घरी गेलो तर पात माना टाकून पडलेली. पूर्वी एक वेळ चालणारी मोट तात्या दोन वेळा हाकत होते. बैल धापा टाकत होते. तात्याही बैलांमागं मोटेच्या धावेवर मध्येच थांबून छातीवर हात धरायचे.

"अर्धे वाफे सोडून द्या तात्या," एवढंच म्हणायचं होतं. बबनराव बांधावर उभे होते. मी म्हणालो नाही.

एस्टीपर्यंत तात्या पोचवायला आले. म्हणाले, "समदं बराबर चाललंय न्हवं? तू सांगशील तसं करू."

मी "हो" म्हणालो. तीच आमची शेवटची भेट.

पुण्यात आल्यावर सरांना विचारलं. त्यांनी जमीन विचारली, विहीर विचारली आणि म्हणाले, "एवढ्या पाण्यात ही दाट लागण जगायची नाही." त्याच संध्याकाळी मी तात्यांना लिहिलं: माप माझं चुकलं, अर्धे वाफे वाळू द्या, दुपारची मोट आजपासून बंद करा. पण हे कार्डावर लिहायला हात होईना. कोणीतरी ते चावडीवर मोठ्यानं वाचणार, बबनराव ऐकणार... म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तात्यांना बंद पाकीट पाठवलं.

उत्तराची वाट पाहत राहिलो. वाटलं, रागावले असतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग एक कार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड कोणत्या बातमीचं असतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. अक्षर गावच्या मास्तरांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

"तात्या सोमवारी सकाळी मोटेवरच गेले. तुला वेळेत कळवता आले नाही, कारण मी ट्रेनिंगसाठी पुण्यास होतो, कालच परतलो. तुझे पाकीट त्यांच्या बंडीच्या खिशात मिळाले. वाचणारी पोरे होती, पण 'बंद पाकीट हाय, कालेजाचं कायतरी मोठं असंल, मास्तर आलं की त्येंच्याच हातनं फोडू' असे म्हणून आठ दिवस ते बरोबर वागवत होते, असे काकू सांगतात. पाकीट मी फोडलेले नाही. काय करू ते कळव."