रंभाबायचं डिपॉझिट

खांदा कॉलनीच्या इमारती चढत होत्या तेव्हाची, म्हणजे ब्याण्णव सालची गोष्ट. शेजारच्या गावातल्या रंभाबायनं घरामागे पत्र्याची एक खोली भाड्यासाठी बांधली होती. नवरा गेल्यावर तेवढाच आधार. पहिला भाडेकरू इस्त्रीच्या कपड्यांतला, तोंडानं भारी गोड. एका सकाळी तो छताच्या पंख्यासकट पसार झाला. तेव्हापासून रंभाबायनं कानाला खडा लावला: आधी हजार रुपये डिपॉझिट, मग किल्ली.

मे महिन्यात जैतू आणि साळू हे कातकरी जोडपं खोली मागायला आलं. आजवर वीटभट्टीवर राबलेलं, आता कॉलनीच्या बांधकामावर लागलेलं. पोरीला शाळेत घालायची, तर एका जागी राहणं भाग होतं.

डिपॉझिटचं ऐकताच साळूनं कमरेची पिशवी घट्ट धरली. "हजार हायती. पन देनार नाय."

रंभाबाय भडकली. "नाय तर नाय! रस्ता मोकला हाय."

"बाय, भट्टीवाला पावसात उचल देतो. येकदा पैशाचा येव्हार झाला का पाय आपले नसतात. माजी आई मेली, तरी शेटनं जाऊ दिलं नाय. हितं आमचे पैशे तुज्याकडं अडकले, म्हंजे आमीच अडकलो."

डिपॉझिट परत मिळतं, हे रंभाबाय साळूला समजावू शकली असती. पण मरत्या आईच्या तोंडात पाणी घालायला न मिळालेल्या बाईला ते कसं पटावं? दोघांना चार शिव्या घालून तिनं किल्ली दिली.

"येडी झालीस का वैनी?" तिचा दीर दयाराम म्हणाला. खरं तर तिलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीपर्यंत भाडं वेळेवर आलं. शाळेला सुट्टी लागली आणि एका सकाळी खोलीला कुलूप! चार दिवस झाले तरी पत्ता नाही. दयारामला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "कुलूप तोड नि आत काय उरलंय ता बघ."

रंभाबायनंही ते कुलूप दोनदा ओढून पाहिलं होतं. तरी ती हट्टानं म्हणाली, "त्यांनी भाडं भरलंय. खोली त्यांची हाय."

पाचव्या दिवशी दुपारी तिघं चालत आली. पोरगी पुढं, हातात रानातली आवळ्यांची डहाळी.

"कुटं उलथला होता गं?" रंभाबाय ओरडली, पण ओरडता ओरडता तिला रडूच कोसळलं.

"भावाकडं," साळू हसली. "कोनाला इचारलंच नाय, बाय. जावंसं वाटलं, गेलू. यावंसं वाटलं, आलू."