कापूर कोणी जाळला?

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चहा उशिरा येतो, एक जण काहीतरी सांगतो, दुसरा "हे तं काहीच नाही" म्हणतो आणि तास बुडतो! ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं मी पांढुर्ण्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. तेव्हाचे निम्मे किस्से एकट्या गजभिये सरांचे आहेत.

गजभिये सर विज्ञान शिकवायचे. बिचारे टेम्पररी होते. इन्स्पेक्टर साहेबांनी चांगला शेरा दिला तर नोकरी कायम होणार, आणि नोकरी कायम झाली तरच होणारे सासरे मुलगी देणार. पण सरांच्या डोक्यात लग्नापेक्षा पांढऱ्या पेशीच जास्त!

* * *

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. पण त्याइले ना तोंड, ना कान. मंग एकमेकीले बोलावते कशा?" सरांनी वर्गाला विचारलं.

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"एक पेशी रसायन सोडते. ते दुसरीपर्यंत पोचलं का ती धावत येते!"

एक पोरगी उठली. "सर, माय फोडणी देते अन् शेजारची काकू येते, तसं?"

"बस! हेच!" सर खूश.

सहामाहीच्या पेपरात चाळीस पोरांनी लिहिलं, 'पांढरी पेशी फोडणी देते.' सरांनी सगळ्यांना अर्धे मार्क दिले. मी म्हटलं, "अर्धे कायचे?"

"जिरं-मोहरी कोनीच नाही लिहिलं ना!"

* * *

पोळ्यानंतर सरांना गोटमारीचं उदाहरण सुचलं. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, दोन्हीकडून एकमेकांवर दगडगोटे, हा दरवर्षीचा खेळ. सर म्हणाले, "समजा, सावरगाववाले जंतू."

दुसऱ्या दिवशी सावरगावचे सहा बाप शाळेत हजर! "आमी जंतू?"

सरांनी घाईघाईत उदाहरण फिरवलं. तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे अकरा बाप आले.

चौथ्या दिवसापासून जंतू लोधीखेड्याचे झाले. तिकडचं एकही पोरगं आमच्या शाळेत नव्हतं.

* * *

"ताप म्हणजे काही दुश्मन नाही. पेशींनी मेंदूले पाठवलेला निरोप आहे," असं सर सगळ्यांना सांगायचे. हेडमास्तरांची तापाची रजासुद्धा त्यांनी चर्चेला घेतली होती!

मग एकदा ते स्वतःच तापले. चादर घेऊन कण्हत पडले होते. मी गेलो आणि विचारलं, "सर, निरोप पोचला का?"

"पोचला! आता त्या पोस्टमनले हाकला. गोळी आना!"

* * *

शेवटी इन्स्पेक्शन आलं. सरांनी पोरांचं नाटक बसवलं. पांढरे सदरे घातलेली वीस पोरं म्हणजे पेशी. पेशींना डोळे नसतात म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. त्या मीच शिवल्या होत्या. काळ्या सदऱ्यातलं एक पोरगं जंतू. त्याच्याजवळ संत्र्याचं साल पिळायचं. वास आला की सगळ्यांनी धावून त्याला दाबायचं. नंतर कापराचा वास आला की लढाई संपली, सोडून द्यायचं. तालमीत एकदाही चूक झाली नव्हती. मलाच सरांपेक्षा जास्त धाकधूक होती.

साहेब शेजारच्या सौंसरचे, म्हणजे तसे आपलेच. पहिल्या रांगेत बसले. आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या हातात आधी संत्रं जातं. हेडमास्तरांनी चांगलं टपोरं निवडून दिलं.

साहेबांनी ते सोलायला घेतलं.

आधी एक पेशी वळली. मग वीसच्या वीस! खुर्ची गेली, टेबल गेलं, साहेब खाली आणि वर पेशींचा ढीग. जंतू एकटाच स्टेजवर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"सोडा रे! साहेब हायेत ते!" हेडमास्तर ओरडले.

"पेशीले कान नसते, सर!" ढिगातून उत्तर आलं.

गजभिये सर कापराच्या डबीकडे धावले. डबी रिकामी! त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी मान खाली घातली. इन्स्पेक्शन चांगलं व्हावं म्हणून सकाळी त्यांनी सगळा कापूर आरतीत जाळला होता.

सरांचा चेहरा पांढराफटक. नोकरी गेली, लग्न गेलं! मी खरंच रडायच्या बेतात होतो.

तेवढ्यात ढिगाखालून साहेबांचा हात बाहेर आला. त्यात संत्र्याची एक फोड तशीच होती.

"गजभिये, तुमाले कायम करतो... पन पयले कोनी तरी कापूर आना!"