डाव्या हाताचं सारवण

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यातलं पहिलं वर्ष हात बदलण्यातच गेलं. मी डावखुरी. डाव्या हातानं काढलेला अ गुरुजींनी पुसला आणि पेन्सिल उजव्या हातात दिली. ती तिथंच राहिली, पण हात काही रुळला नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. चुकून कुणी वाचलीच, तर माफ करावं.

देवगाव रंगारीहून सकाळच्या एसटीनं निघाले. शहरात एकटीनं जायची पहिलीच खेप. माझी मुलगी सुनीता तिथं कंपनीत कामाला आहे आणि सुटी झाली की खोलीवर चित्रं काढते. मागच्या वर्षी तिच्या रंगांसाठी मी माझी शेळी विकली. सात हजार आले. आता तिची चित्रं एका हॉलमध्ये लागली होती. निघताना मालक, म्हणजे सुनीताचे वडील (ती त्यांना दादा म्हणते), म्हणाले, "बघून ये. शेळीचे पैसे निघत असतील तर राहू दे तिला. नाय तर संगंच घेऊन ये, स्थळ आलंय."

वेरूळला अर्धी गाडी उतरली. पुढं खुलताबादच्या घाटात वळणावर दह्याचा डबा कलंडला आणि लुगड्यावर हा एवढा डाग पडला. शेजारची बाई म्हणाली, "पदर पुढं घ्या, काय दिसत नाय." मी तो दिवसभर पुढंच धरून ठेवला. दौलताबादच्या वेशीतून एसटी इतकी अंग चोरून गेली, की मीही खिडकीपासून सरकून बसले.

सुनीता स्टँडवर आली होती. वाळलेली वाटली. खोलीवर धपाटे खाल्ले. खाटेखाली तिची पिशवी भरून ठेवलेली दिसली.

हॉल थंडगार होता, फरशीत तोंड दिसेल असा. चपला कुठं काढायच्या ते सुनीताला विचारलं, तर काढायच्याच नव्हत्या. भिंतीवर चित्रंच चित्रं, पण एकातही माणूस नाही, झाड नाही, देव नाही. नुसते रंग.

"कशी हायेत, माय?" सुनीतानं विचारलं.

"रंग लई लागला असंल," मी म्हणाले.

सातव्या चित्रापाशी मात्र माझे पाय थांबले. शेणाचा ओला, हिरवट रंग, आणि त्यात एकापुढं एक अर्धगोल फिरवलेले. बायकांच्या सारवणाचे फराटे (हाताची बोटं उमटलेल्या रेघा) एका बाजूला वळतात. हे दुसऱ्या बाजूला वळले होते. माझे वळायचे तसे. सासूबाई म्हणायच्या, "हिचं सारवण उलटं. पाव्हणे दारातूनच माघारी वळतील." म्हणून सणाच्या आदल्या दिवशी पुढची खोली जाऊबाई सारवायच्या आणि मी मागचं अंगण. आता घरात फरशी बसली आहे. माझा हात कुठंच राहिलेला नाही, असं मला वाटायचं.

मी डावा हात पुढं नेला. बोटं रेघांवर बरोबर बसत होती.

"मावशी, हात नका लावू. साहेब मला बोलतेत," दारावरचा राखणदार म्हणाला. म्हातारा माणूस. मी एवढी शरमले की हात पदराखाली घेतला.

सुनीताला हळूच विचारलं, "हे तू कशावरून काढलं?"

"कशावरून नाय. ब्रश फिरवत गेले. पण उलटाच फिरायचा. चित्रं शिकवणारे सर बी म्हणाले, उजव्या हाताला हे अवघड जातं."

"हे माझं सारवण हाय."

ती चित्राकडं बघत राहिली, मग माझ्या पदराकडं. "मी उंबऱ्यात बसून बघायचे," ती म्हणाली. "वाळूस्तोवर आत येऊ द्यायची नाय तू मला."

राखणदार जवळ आला होता. "मला तर यात एसटीचा वायपर दिसतो. छब्बीस साल गाडी चालवली. कन्नडच्या घाटात धो धो पाऊस, अन् दोनातला एकच वायपर चालू. रोज येऊन बघतो मी हे."

"मग खरं काय हाय?" मी पहिल्यांदाच परक्या माणसाला काही विचारलं.

"दोन्ही," सुनीता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी हसत होती.

संध्याकाळपर्यंत एकही चित्र गेलं नाही. गुलमंडीवर तिनं मला इम्रती (उडदाच्या पिठाची जिलेबी) खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाही. "दादांनी फोनवर सांगितलंय मला, चित्रं नाय गेली तर परत यायचं. मी पिशवी भरलीय, माय."

खोलीवर आल्यावर मी ती पिशवी ओढली आणि एकेक कपडा काढून खुंटीला लावला. ती बघत राहिली. मला बोलता येत नाही, पण कपडे लावता येतात.

दुसऱ्या दिवशी देवगावला उतरले, तर मालक स्टँडवर उभे.

"एकलीच?"

"व्हय."

"अन् पैसे?"

"येतील. शेळी माझी व्हती."

लग्नाला तीस वर्षं झाली. त्यांना असं उत्तर मी आधी दिलं नव्हतं. ते माझी पिशवी घेऊन पुढं चालू लागले. घरी आल्यावर चुलीमागची एक हात जागा, जिथं फरशी पोचली नाही, ती मी सारवून काढली. डाव्या हातानं, सावकाश.

सुनीता महिन्याला थोडे थोडे पाठवत राहिली. ओव्हरटाइम केला, दोन लहान चित्रं विकली. सातवं विकायला काढलंच नाही. संक्रांतीला घरी आली, तेव्हा शेवटचे हजार रुपये राहिले होते. मालक ओट्यावर बसले होते. लक्ष्मी उजव्या हातात घ्यावी, म्हणून मी उजवा पुढं केला.

"त्यो नाय," सुनीता म्हणाली. "दुसरा."

मालकांनी मान वर केली. मी डावा हात पुढं केला. तिनं त्यात नोटा ठेवल्या. सात हजार पुरे झाले.