धुऱ्यावरचे ढीग

डावं इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं. मार्चची दुपार, खाली घाटंजी तालुका. विमान लहान, दोन इंजिनांचं. आत आम्ही तिघे. कॅप्टन मी, को-पायलट नेहा आणि मागे सर्व्हेचा कॅमेरा धरून बसलेले कुलकर्णी साहेब.

दोनपैकी एक गेलं तरी विमान उडतं. पण बंद इंजिनचा पंखा फेदर करावा लागतो, म्हणजे त्याची पाती धारेवर वळवायची, वारा अडत नाही. मी लिव्हर ओढली. पाती वळलीच नाहीत. पंखा नुसता गरगरत राहिला आणि उजवं इंजिन पूर्ण जोरात असूनही आम्ही खाली यायला लागलो.

नेहानं रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा पुकारा, दिला. मग म्हणाली, "सर, यवतमाळची धावपट्टी?"

"तिथवर पोचत नाही."

"मग रस्ता?"

"कडेला विजेचे खांब आहेत. वावर बघ, एखादं मोकळं शेत."

तिनं उजवीकडे बोट दाखवलं. "ते सर. एकदम साफ आहे."

वरून खरंच साफ दिसत होतं, एकसारखं तपकिरी. मी धुरे बघितले, म्हणजे शेताचे बांध. ढीग कुठेच नव्हते.

"तिथं पऱ्हाटी उभी आहे," मी म्हणालो.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. छातीएवढं, लाकडासारखं टणक. पानं झडली की वरून ते मातीत मिसळून जातं. पण उपटलेली पऱ्हाटी लोक धुऱ्यावर रचतात, चुलीसाठी. ढीग नाहीत म्हणजे उपटलेली नाही. त्यात पंख अडकला, टाकीतलं पेट्रोल सांडलं, तर आमचीच चूल झाली असती.

पलीकडच्या वावराच्या धुऱ्यावर चार ढीग होते. मी तिकडे वळलो.

चाकं बाहेर काढली नाहीत. वखरलेल्या मातीत ती रुतून विमान पालथं होतं. तासांच्या, म्हणजे पिकाच्या ओळींच्या, दिशेनं आलो, फ्युएल बंद, बॅटरी बंद, आणि पोटावर उतरलो. ढेकळं काचेवर आदळली. मग सगळं थांबलं. तिघेही चालत बाहेर आलो. कुलकर्णी साहेब कॅमेऱ्यासकट.

ऑपरेशन्स मॅनेजरनी फोनवर विचारलं, "विमानाचं काय?"

"पोट खरवडलंय. आधी माणसांचं विचारा."

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हेच शेत का? मी ढिगांचं सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'वैमानिकाचा अनुभव'. मी सही केली नाही.

"अनुभव माझ्या आईचा आहे. तिनं जन्मभर रोजानं पऱ्हाटी उपटली. सुट्टीत मी सोबत असायचो."

"कॅप्टन, हा टेक्निकल रिपोर्ट आहे."

"मीही टेक्निकलच सांगतोय."

माजोरी म्हणतात मला कंपनीत. म्हणोत. माझ्या जबाबात आईचं नाव आणि 'शेतमजूर' हा शब्द लिहिला गेला, तेव्हाच सही केली. इतक्या वर्षांत कुठल्याही लायसन्सचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

धडा एवढाच की उतरायची जागा आधी जमिनीवरून बघून ठेवावी. पुढच्या मार्चमध्ये नेहाला घाटंजीला आईकडे नेलं. आईनं तिला पऱ्हाटीचं एक तास उपटायला लावलं. तास संपेपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले.

आईनं तिचे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "आता तुले वरूनही दिसन, बाई."