तिसरा फ्यूज

आमच्या शेवगावकडच्या खाणीत दगड तयार असतो, माणसं तयार असतात, फक्त लाईट तयार नसते. इतकी वर्षं खडीक्रशर चालवतोय आणि इतकी वर्षं "फॉल्ट हाय, येईल" एवढंच ऐकतोय. कधी येईल, ते विचारायचं नाही. विचारलं की फोन कट.

क्रशर न पाहिलेल्यांना वाटतं, लाईट गेली की थांबायचं, आली की बटण दाबायचं. तो काय घरातला मिक्सर आहे? खडी फोडणारा क्रशरचा जबडा दगडांनी गच्च भरलेला असताना लाईट गेली, तर भरल्या तोंडानं मशीन पुन्हा फिरतच नाही. मग एका माणसानं त्या जबड्यात उतरायचं, पहारीनं एकेक दगड सैल करायचा आणि हातानं उपसायचा. तासभर तरी त्यातच जातो.

आमच्याकडे हे काम मिस्त्री करतात. पूर्वी ते ऊसतोडीला जायचे, आता बायकोसह खाणीवरच राहतात. त्यांचा एक नियम आहे. आत उतरण्याआधी मेन स्विचमधले तिन्ही फ्यूज काढून बंडीच्या खिशात घालायचे. वर येऊन ते स्वतः फ्यूज बसवत नाहीत, तोवर मशीनला कुणी हात लावायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारपर्यंत चार वेळा लाईट गेली. चारही वेळा मिस्त्री उतरले. गावातल्या शाळेचा स्लॅब आमच्या खडीवाचून अडलेला, आणि टेम्पोवाले लिंबाखाली पत्ते कुटत बसलेले. सबस्टेशनला फोन केला, तर साहेब मीटिंगला. वायरमन म्हणाला, "वरूनच गेलीय, आमी काय करनार?" हे 'वर' नेमकं कुठं आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. लाईट बंद राहणार असल्याचा मेसेज मात्र लाईट आल्यावर येतो.

पाचव्यांदा गेली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बऱ्याच वेळानं बोर्डावरचा दिवा लागला. पुन्हा जायच्या आत निदान एक टेम्पो तरी भरू, म्हणून मी धावलो. मिस्त्री एव्हाना वर आले असतील, असं मी धरूनच चाललो. मेन स्विच उघडला, तर फ्यूज जागेवर नाहीत. कॅबिनच्या ड्रॉवरमध्ये जादाचे तीन होते, ते आणले. एक बसवला, दुसरा बसवला. तोंडानं वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाच होता.

मिस्त्रींची बायको हातातलं घमेलं टाकून धावत आली आणि तिनं माझं मनगटच धरलं.

"मालक, मानूस हाय आत!"

तिसरा फ्यूज माझ्या हातात होता.

आरडाओरडा ऐकून मिस्त्री जबड्यातून वर आले. उघडा मेन स्विच बघून त्यांना काय ते कळलं. मी बोलत सुटलो. या लोकांनी वेड लावायची पाळी आणलीय, उद्याच तक्रार करतो, एकेकाला धारेवर धरतो. लाज वाटत होती, म्हणून आवाज आणखीच चढत होता. मिस्त्रींनी मी बसवलेले दोन फ्यूज काढले, माझ्या हातातला तिसरा घेतला आणि तिन्ही खिशात टाकले.

"लाईट जाती, येती. तिची मला भीती न्हाई वाटत, मालक," ते म्हणाले. "लाईट गेल्यावर तुमची वाटती."

आणि राहिलेले दगड उपसायला ते पुन्हा आत उतरले.