गोरेगावचे साडू आणि त्यांचे पडदे

आमचे हिंगोलीकडच्या गोरेगावचे थोरले साडू कुणाच्याही घरी गेले, तरी माणसांच्या आधी खिडक्यांची विचारपूस करतात. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवायचा, चौकट वितीनं मोजायची, तापलेल्या गजाचा चटका घ्यायचा आणि घरच्या बाईकडं वळून वैद्याच्या गांभीर्यानं म्हणायचं, "लई तकलीफ हाय. जुनी लुगडी निघतील का?" माझ्या पुतणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा मुलाच्या आईचं पातळ त्यांनी इतकं निरखलं की त्या बिचाऱ्या पदर सावरू लागल्या. शेवटी हे म्हणाले, "विहीणबाई, फाटलं की फेकू नका. पडद्याच्या आतल्या थराला बराबर हाय." तरीही लग्न जमलं, हे पुतणीचं नशीब.

हे वेड मुळात हौसेचं नव्हे. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि खाट पडली पश्चिमेच्या खोलीत. वर पत्रे, समोर मोठी खिडकी. कूलरच्या ओल्या वाऱ्यानं तिचे सांधे धरायचे. शाळेची घंटा वाजवण्यात सगळी नोकरी काढलेल्या साडूंनी मग साठीत सुई हाती घेतली. खिडकीला पडदा शिवला: वाकळ शिवतात तसे जुन्या कपड्यांचे थर, वरून काळं घोंगडं आणि घट्ट धावदोरा. खोली गार झाली. ते कौतुकाची वाट पाहत उभे राहिले.

अक्का अडखळत म्हणाली, "अवं, मी जित्ती हाय अजून. काळं काहून लावून राहिले?"

साडूंनी त्याच दुपारी घोंगडं उसवलं. मग डाळिंबी, हळदी, पोपटी पट्टे आले. अक्का डाव्या हातानं चिंधी दाखवायची, हे जोडायचे. रंग चुकला की ती भिंतीकडं तोंड फिरवायची, की पुन्हा उसवणं. तो उन्हाळा दोघांनी असा भांडत काढला. दिवाळीपर्यंत ती टेकून बसायला लागली. आता गावातल्या कितीतरी खिडक्यांचे रंग तीच ठरवते.

परवा मी आमच्या हिंगोलीच्या घरासाठी पडदा मागितला. साडूंनी विचारलं, "आमच्या मेव्हणीचा आवडता रंग कोणता?"

"निळा," मी ठामपणे म्हणालो.

अक्का हसली. "न्हाई वो भाऊजी. तिला निळा कदीच आवडला न्हाई."

परतताना जीपमध्ये मी लग्नापासून बायकोला आणलेल्या साड्या एकेक आठवत बसलो. बहुतेक निळ्या होत्या. आणि तिनं त्या सगळ्या नेसल्या होत्या.